चार्टवर नसलेला डोंगर

७ जुलै १९६२. मध्यरात्र उलटून जेमतेम दहा मिनिटं झाली होती. जुन्नरजवळच्या डोंगरांत, दवंड्याची म्हणून नोंदलेल्या टेकडीवर आलिटालिया कंपनीचं डीसी-८ जेट विमान आदळलं. सिडनीहून रोमला निघालेल्या या विमानात ८५ प्रवासी आणि ९ कर्मचारी होते. ९४ पैकी एकही वाचला नाही. बँकॉक सोडल्यावर त्याचा पुढचा मुक्काम मुंबईचं सांताक्रूझ होता. पायलटच्या हिशेबानं मुंबई आलीच होती, म्हणून त्यानं विमान खाली घ्यायला सुरुवात केली होती. प्रत्यक्षात मुंबई अजून ८४ किलोमीटर लांब होती आणि मधे सह्याद्री आडवा होता.

चौकशीत ठपका आला तो दिशा आणि अंतराच्या हिशेबावर. आपण आहोत त्यापेक्षा मुंबईच्या जवळ आहोत अशी पायलटची समजूत झाली. त्यामुळे रात्री, बाहेरचं काही दिसत नसताना, थेट धावपट्टीच्या रोखानं जाण्यासाठी तो वेळेआधीच खाली आला. आपली जागा ताडून पाहायच्या सोयी होत्या, त्या वापरल्या गेल्या नाहीत. ठरवून दिलेल्या सुरक्षित उंचीची मर्यादा मोडली गेली. या वाटेवरच्या डोंगरांची त्याला ओळख नव्हती.

जगातल्या उत्तम जेटपैकी एक विमान, शिकलेला कर्मचारीवर्ग आणि विमानतळावर कसं उतरायचं ते टप्प्याटप्प्यानं सांगणारे छापील नकाशे, एवढं सगळं असताना हे घडलं. या नकाशांना पायलट अॅप्रोच चार्ट म्हणतात. वैमानिकांच्या जगाबाहेर त्यांची फारशी ओळख नाही. पण ढगातून, पावसातून, काळोखातून उतरणारं प्रत्येक प्रवासी विमान या वीतभर कागदाच्या भरवशावर उतरतं. जुन्नरची ती रात्र समजून घ्यायची तर हा कागद आला कुठून, तो काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे आधी पाहावं लागेल.

सुरुवात अमेरिकेत झाली. २४ सप्टेंबर १९२९ रोजी न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर जिमी डूलिटल यानं कॉकपिटवर टप ओढून घेतला आणि बाहेर एकदाही न पाहता, नुसत्या यंत्रांकडे बघत विमान उडवलं, फेरी मारली आणि उतरवलं. अघटित काही घडलं तर सावरायला पुढच्या कॉकपिटमध्ये बेन केल्सी बसला होता, पण त्याला काठीला हात लावावा लागला नाही. आंधळं उड्डाण शक्य आहे हे त्या दिवशी सिद्ध झालं. मात्र डूलिटलला ते मैदान पाठ होतं. अनोळखी मैदानावर उतरणाऱ्याला यंत्रं उंची सांगतील, दिशा सांगतील. पण किती उंची पुरेशी, हे कोण सांगणार?

ही माहिती गोळा करायचं काम एका टपालवाहू पायलटनं स्वतःच्या जिवासाठी सुरू केलं. एलरी जेपेसन १९३० च्या सुमारास अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात टपाल नेत असे. त्या मार्गावर सोबतचे पायलट हिवाळ्यात मरत होते. त्यानं दहा सेंटला एक काळी वही घेतली. मैदानांचे आराखडे, धावपट्टीचा उतार, जवळची झाडं, तारा, पाण्याच्या टाक्या असं सगळं तो त्यात टिपू लागला. सुट्टीच्या दिवशी उंचीमापक घेऊन तो टेकड्या चढायचा आणि खरी उंची लिहून आणायचा. वाटेवरच्या शेतकऱ्यांचे फोन नंबरही वहीत असत, कारण तिकडे पाऊस आहे का हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. इतर पायलट वहीच्या नकला मागू लागले, तेव्हा तो दहा डॉलरला एक विकू लागला आणि १९३४ मध्ये त्यानं त्याचीच कंपनी काढली. हीच जेपेसन कंपनी पुढे बोइंगकडे गेली. एप्रिल २०२५ मध्ये बोइंगनं ती आणखी काही डिजिटल धंद्यांसोबत १०.५५ अब्ज डॉलरला विकायचा करार केला. दहा सेंटच्या वहीची एवढी किंमत व्हावी याचं एकच कारण मला दिसतं: त्या वहीतली प्रत्येक ओळ कुणीतरी पायी जाऊन पडताळलेली होती.

त्या काळात आपल्याकडे काय होतं? १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले, तेव्हा त्यांच्या पुस मॉथ विमानात रेडिओ नव्हता आणि जमिनीवरून वाट दाखवणारं यंत्रही नव्हतं. जुहू म्हणजे समुद्राकाठचं चिखलमैदान. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाई आणि टाटांना आपलं बिऱ्हाड पुण्याला हलवावं लागे. ढगात उतरायचा प्रश्नच नव्हता. ढग असले की थांबायचं, एवढाच नियम.

युद्धानं हे चित्र पालटलं. सांताक्रूझचं मैदान लष्करी गरजेतून वाढलं आणि युद्धानंतर मुंबईचा मुख्य नागरी विमानतळ झालं. १९४४ च्या शिकागो करारानंतर आंतरराष्ट्रीय नागरी उड्डाण संघटना उभी राहिली आणि तिच्या चौथ्या परिशिष्टानं चार्ट कसा असावा, कुठली खूण कशासाठी, हे सगळ्या देशांसाठी एकसारखं ठरवून दिलं. रात्रीच्या उड्डाणाची सवय मात्र भारताला नागपुरानं लावली. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र यायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि उजाडायच्या आत प्रत्येक विमान आपापल्या गावी परत. खानदेशातली माणसं झोपेत असताना डोक्यावरून डाकोटा विमानं जात-येत असायची. ती विमानं मंद होती आणि पायलट तीच वाट रोज रात्री तुडवत होते. ओळखीच्या वाटेवर चार्ट उघडला काय आणि मिटला काय, हात सवयीनं चालतो.

जेट आली आणि ही सवय कामाची राहिली नाही. डाकोटा मिनिटाला अडीच नॉटिकल मैल कापत असे. डीसी-८ आठ मैल कापतं. पाच मिनिटांची चूक डाकोटाला साडेबारा मैल चुकवते, तर डीसी-८ ला चाळीस. शिवाय जेट ३५ हजार फुटांवरून येतं. शंभरेक मैल आधीपासूनच त्याला उतरणं सुरू करावं लागतं, म्हणजे धावपट्टी दिसायच्या कितीतरी आधी, मधे कुठले डोंगर आहेत याचा विचार करून. बँकॉकहून बंगालचा उपसागर ओलांडून, अख्खा देश आडवा कापत आलेल्या विमानाची आपल्या जागेबद्दल पाच-सहा मिनिटांची गफलत झाली, तर मुंबईची जागा जुन्नर घेतं.

आता चार्ट उघडून पाहू. वरच्या पट्टीत विमानतळाचं नाव, धावपट्टीचा क्रमांक, रेडिओची वारंवारिता आणि शेवटच्या टप्प्यातली दिशा असते. मधल्या मोठ्या चौकोनात वरून दिसणारा नकाशा: कुठून यायचं, कुठे वळायचं, उंच जागा कुठे आहेत. त्याखाली बाजूनं दिसणारी आकृती, जिन्यासारखी किंवा उताराच्या रेषेसारखी, ज्यात कुठल्या अंतरावर किती उंची हे लिहिलेलं असतं. तळाशी शेवटची मर्यादा: इतक्या उंचीपर्यंत धावपट्टी दिसली नाही तर उतरायचं नाही, पुन्हा वर जायचं, आणि वर जाताना कुठल्या दिशेनं कुठवर, तेही. सर्वसाधारण उतार तीन अंशांचा असतो. सोपा हिशेब सांगायचा तर एक मैल अंतराला तीनशे-सव्वातीनशे फूट. साडेतीन हजार फुटांवर असलेलं विमान त्या हिशेबानं धावपट्टीपासून अकरा मैलांवर, म्हणजे साधारण वीस किलोमीटरवर हवं. दवंड्याची टेकडी सुमारे साडेतीन हजार फुटांची. उंची अॅप्रोचच्या शेवटच्या टप्प्याला शोभणारी होती. अंतर मात्र वीसऐवजी ८४ किलोमीटर.

चार्टवर एक लहान वर्तुळही असतं. ते सांगतं की या वर्तुळात, या बाजूनं येत असाल तर इतक्या उंचीच्या खाली जाऊ नका. तेवढी उंची राखलीत तर सगळ्यात उंच अडथळ्यापासूनही किमान हजार फूट मोकळे मिळतील. आजच्या नियमानं या वर्तुळाची त्रिज्या २५ नॉटिकल मैल, म्हणजे ४६ किलोमीटर असते. दवंड्याची टेकडी मुंबईपासून ४५ नॉटिकल मैलांवर आहे. अॅप्रोच चार्ट जिथून बोलायला लागतो त्याच्या पार बाहेर. तिथे राज्य चालतं ते मार्गाच्या नकाशाचं आणि त्यावरच्या सुरक्षित उंचीचं. विमानतळाचा कागद उघडण्याआधी आपण त्याच्या हद्दीत आलो का, हे पायलटनंच ठरवायचं.

आम्हा बुऱ्हाणपूरकरांना विमान पकडायचं तर इंदूर किंवा जळगाव गाठावं लागतं, त्यामुळे चार्टशी आमचा संबंध तसा दूरचाच. पण वाटाड्या काय चीज असते ते या गावाला कळतं. उत्तरेतून दख्खनेत उतरणाऱ्या फौजा असीरगडाच्या पायथ्यानं इथे येत. खिंड पार करून द्यायला स्थानिक माणूस लागे. त्याला प्रत्येक ओढा ठाऊक असे, पण त्याचं ज्ञान सुरू होई ते फौज खिंडीच्या तोंडाशी पोचल्यावर. चार्टचंही तसंच आहे.

त्या रात्री विमान थेट यायचं होतं, हेही पाहायला हवं. सांताक्रूझची मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. पूर्वेकडून येऊन पश्चिमेकडे तोंड करून उतरायचं तर दोन रीती. जुनी रीत अशी की सुरक्षित उंचीवरून आधी विमानतळाजवळच्या रेडिओ-दीपाच्या थेट डोक्यावर यायचं. तिथे आल्यावर कॉकपिटमधली सुई उलटी फिरते आणि जागेची खूण पटते. मग बाहेर जायचं, वळायचं आणि उतरत परत यायचं. दुसरी रीत म्हणजे फेरी न मारता सरळ आत यायचं. वेळ वाचतो, इंधन वाचतं. पण सुई उलटी फिरण्याचा तो क्षणही वाचतो, आणि त्याबरोबर चूक पकडायची शेवटची संधीही जाते. थेट यायला बंदी नव्हती, आजही नाही. आज तर बहुतेक विमानं तशीच येतात. फक्त त्यासाठी आपली जागा दुसऱ्या एखाद्या साधनानं पक्की ठाऊक असावी लागते. अहवालानं नेमकं याच गोष्टीवर बोट ठेवलं.

साडेतीन वर्षांनी हेच पुन्हा घडलं, या वेळी आपल्या विमानाच्या बाबतीत. २४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचं ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ जिनिव्हाला उतरायला निघालं आणि मॉं ब्लांवर आदळलं. ११७ जण गेले, त्यांत अणुशास्त्रज्ञ होमी भाभा होते. भाभांच्या मृत्यूभोवती कटाच्या कहाण्या आजही फिरतात. फ्रेंच चौकशीनं सांगितलं ते अधिक साधं आणि मला अधिक भयंकर वाटतं. विमानातला एक दिशादर्शक रेडिओ बिघडलेला होता. शिखर मागे पडलं असा पायलटचा समज झाला. रडारवरच्या नियंत्रकाला त्याची चूक दिसली आणि त्यानं खरी जागा कळवलीही, पण अशा शब्दांत की पायलटला ती दुरुस्ती आहे हेच उमगलं नाही. जुन्नरला सांगणारं कुणी नव्हतं. इथे सांगणारा होता, तरी उपयोग झाला नाही.

१९७२ साल तर जपान एअरलाइन्सला भारतात फारच वाईट गेलं. १४ जूनला तिचं डीसी-८ दिल्लीत पालमला उतरताना पडलं. विमानातले ८२ आणि जमिनीवरचे ४ जण मेले. धावपट्टी दिसल्याची खात्री नसताना पायलटांनी यंत्रांवरची नजर काढून घेतली आणि ठरलेली पद्धत धुडकावली, असं भारतीय चौकशीनं म्हटलं. जपानी बाजूला ते मान्य नव्हतं. विमानतळाकडून आलेला उताराचा संकेतच फसवा होता असं त्यांचं म्हणणं. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला त्याच कंपनीचं आणखी एक डीसी-८ मुंबईला आलं आणि सांताक्रूझ समजून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरलं. अर्थात ते थांबलं नाही. धावपट्टी संपवून पुढे गेलं आणि मोडलं, पण त्यातल्या १२२ जणांपैकी कुणीही दगावलं नाही. जुहू आणि सांताक्रूझ शेजारी शेजारी आहेत आणि दोन्हींच्या धावपट्ट्यांची दिशा जवळजवळ एकच. वरून बघणाऱ्याला आधी दिसतं ते खरं वाटतं. १९५३ मध्ये ब्रिटिश कंपनी बीओएसीचं कॉमेटही असंच चुकून जुहूला उतरलं होतं आणि तिथून पुन्हा उडायला त्याला नऊ दिवस लागले होते. म्हणजे एकोणीस वर्षांनंतरही ही चूक जुनी झाली नव्हती.

कागदच गोंधळात टाकू शकतो, हे कबूल व्हायला मात्र अमेरिकेतला अपघात लागला. १ डिसेंबर १९७४ रोजी टीडब्ल्यूए या अमेरिकी कंपनीचं बोइंग ७२७ वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळाकडे येत होतं. नियंत्रकानं अॅप्रोचची परवानगी दिली. पायलटांना वाटलं की आता चार्टवरच्या १,८०० फुटांपर्यंत जायला हरकत नाही. नियंत्रकाला वाटलं, डोंगर ओलांडेपर्यंत ते आपली उंची आपण सांभाळतील. चार्टच्या एका भागात त्या परिसरासाठी ३,४०० फूट लिहिलेले होते. कॅप्टनला ते दिसले, त्यानं कागदाला नावंही ठेवली, आणि मग आपसात बोलून त्यांनी ठरवलं की १,८०० चालेल. विमान माउंट वेदर या डोंगरावर आदळलं आणि ९२ जण मेले. त्यानंतर नियम स्पष्ट झाला: परवानगी मिळाली तरी चार्टवर छापलेल्या वाटेवर प्रत्यक्ष येईपर्यंत आधी सांगितलेली उंची सोडायची नाही. जमीन जवळ आली की ओरडून सावध करणारं यंत्र अमेरिकेत सक्तीचं झालं. डॉन बेटमन या इंजिनिअरनं ते घडवलं होतं, आणि नव्वदीच्या दशकात त्यात त्यानं जगभरच्या डोंगरांचा नकाशाच भरला. हे यंत्र १९६२ मध्ये असतं तर जुन्नरची टेकडी कॉकपिटच्या पडद्यावर लाल होऊन दिसली असती.

यंत्रानं डोंगरांचा प्रश्न बराच सोडवला. चार्ट वाचण्याचा प्रश्न माणसांत सोडवावा लागला. पूर्वी कॅप्टन चार्ट स्वतःशीच वाचे आणि उतरायला लागे. शेजारच्याला त्याच्या मनात काय आहे हे कळायचा मार्ग नव्हता. हळूहळू ब्रीफिंग सक्तीचं झालं. विमान अजून उंचावर, काम हलकं असताना, उतरवणारा पायलट चार्ट मोठ्यानं सांगतो आणि दुसरा आपल्या प्रतीवर बोट ठेवून ताडत जातो. विमानतळ कुठला, धावपट्टी कुठली, चार्टची तारीख कुठली. कारण चार्ट दर २८ दिवसांच्या चक्रानं बदलू शकतात आणि जुना कागद म्हणजे जुना डोंगर, जुना मनोरा. मग रेडिओची वारंवारिता लावलेली आहे का, दिशा बसवलेली आहे का, वर्तुळातली सुरक्षित उंची किती, उताराला कुठे लागायचं, किती उंचीवर निर्णय घ्यायचा. शेवटी, दिसलं नाही तर काय, हेही आधीच बोलून ठेवायचं. खाली दोनशे फुटांवर, पाऊस काचेवर आपटत असताना, कुठल्या बाजूला वळायचं ते शोधायला सवड नसते. ब्रीफिंग नीरस असतं. रोजच्या मार्गावर तेच तेच बोलायचा कंटाळा येतो आणि कंटाळलेला पायलट ते पुटपुटून उरकतो, अशी तक्रार प्रशिक्षक नेहमी करतात.

बोललं नाही तर काय होतं ते अहमदाबादला दिसलं. १९ ऑक्टोबर १९८८ च्या सकाळी मुंबईहून गेलेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ धूसर हवेत तिथे उतरत होतं. दोन्ही पायलटांचे डोळे धावपट्टी शोधण्यात गुंतले. उंचीकडे पाहून आकडे मोठ्यानं म्हणायचे असतात, ते कुणीच म्हणालं नाही. मर्यादेखाली गेलेलं विमान झाडांना आणि विजेच्या मनोऱ्याला धडकलं. १३५ पैकी १३३ गेले. २०१० मध्ये मंगळूरला उलटं झालं. विमान उतारापेक्षा खूप वर होतं, को-पायलटनं तीनदा पुन्हा वर जायला सांगितलं, आणि कॅप्टननं तरी उतरवलंच. १५८ माणसं मेली. चार्ट तोंडानं वाचून उपयोग नाही, शेजारच्याचं ऐकायलाही हवं, हे त्यानंतर आपल्याकडच्या प्रशिक्षणात जास्त जोरानं बोललं जाऊ लागलं.

आता चार्टचा कागद गेला आणि टॅब्लेट आला. पायलटच्या जड बॅगा हलक्या झाल्या, आणि आपलं विमान चार्टवर कुठे आहे तेही पडद्यावर सरकताना दिसतं. जुन्नरला पडलेल्या विमानाचा कर्मचारीवर्ग ज्या एका प्रश्नापाशी चुकला, त्याचं उत्तर आज बिंदूच्या रूपात समोर असतं. मुंबईच्या आकाशात मात्र नवं गुंतागुंतीचं काम आलं आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि डिसेंबरअखेर तिथून प्रवासी विमानं सुरू झाली. त्यासाठी उलव्याची टेकडी कापावी लागली, नदीचा प्रवाह वळवावा लागला. पनवेल-माथेरानच्या बाजूचे डोंगर जागच्या जागी आहेत, आणि त्यांना जपत नव्या चार्टवर नव्या उंच्या लिहिल्या गेल्या आहेत. पूर्वेकडून येणाऱ्या पायलटला एकाच शहरासाठी आता दोन विमानतळांचे चार्ट हाताशी ठेवावे लागतात, आणि ब्रीफिंगची पहिली ओळ, म्हणजे आपण उतरतोय तो विमानतळ कुठला, मोठ्यानं म्हणून दुसऱ्याकडून खात्री करून घ्यावी लागते.